बाबांची चिलीम डॉक्टरांना सांगावी का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाहून एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ७२ वर्षे. शेती अजून स्वतः पाहतात. तरुणपणापासून रोज रात्री भजनी मंडळात बसून गांजाची चिलीम ओढतात. दारू मात्र कधी प्यायले नाहीत. रक्तदाबाची, लघवी अडखळते त्याची आणि दम लागतो म्हणून अशा तीन प्रकारच्या गोळ्या सुरू आहेत. पुढच्या महिन्यात हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि गेल्या पंधरवड्यात ते रात्री लघवीला उठले असता दोनदा पडले. चिलमीची गोष्ट अद्याप कोणत्याही डॉक्टरला सांगितलेली नाही. सांगावी का, सांगितल्यास पोलिसांचे प्रकरण होईल का, शस्त्रक्रियेआधी एकदम बंद करावी का, आणि आईच्या गुडघेदुखीसाठी पुण्याच्या भाच्याने ऑनलाइन मागवून दिलेले ‘विजया तेल’ (विजया म्हणजे भांग) तिला द्यावे का, असे हे चार प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: सांगा. सर्जनला सांगा, भूलतज्ज्ञांना सांगा आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा. बाबा रोज रात्री जे ओढतात ते त्यांच्या शरीराच्या लेखी एक औषधच आहे. ते हृदयाचे ठोके वाढवते, उभे राहताना रक्तदाब पाडते, झोप आणते, इतर गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करते, आणि तरीही ते कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेले नाही. विदर्भाच्या ग्रामीण भागात सव्वीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, उतारवयात माणसाला चिठ्ठीवरच्या औषधांपेक्षा चिठ्ठीवर नसलेली औषधे अधिक गोत्यात आणतात.

ही गोष्ट आजवर कोणाला सांगितली गेली नाही यात तुमची किंवा बाबांची चूक आहे असे मला वाटत नाही, कारण आमची विचारण्याची पद्धतच सदोष आहे. ओपीडीत शंभर माणसांच्या रांगेत आम्ही ‘काही व्यसन?’ एवढेच विचारतो. म्हातारबा सांगतात, ‘खर्रा खातो साहेब, दारू नाही.’ कागदावर ‘तंबाखू’ असे लिहिले जाते आणि पुढचा रुग्ण आत येतो. काही वर्षांपूर्वी एका आजोबांना मी मुद्दाम नाव घेऊन विचारले, ‘अन् चिलीम?’ तेव्हा ते मनापासून चकित झाले. ‘थे काय व्यसन हाय का डॉक्टर? थो त भोल्याचा परसाद होय,’ असे ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या गावांमध्ये नशा म्हणजे दारू, घर बुडवते ती दारू, बायकांनी मोर्चे काढले ते दारूविरुद्ध. चिलमीने भांडण होत नाही, शेत विकले जात नाही, म्हणून ती या हिशेबात कधी धरलीच गेली नाही. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गांजा परवानाधारक दुकानांतून विकला जात असे आणि त्याची सरकारी देखरेखीखालची लागवड खंडव्याच्या भागात होत असे. १८९३-९४ साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने त्याचा सविस्तर अभ्यासही केला होता. गांजावर बंदी घालणारा सध्याचा केंद्रीय कायदा १९८५ चा आहे. म्हणजे तुमचे बाबा तिशी ओलांडून गेले तेव्हा तो आला. काही वृद्ध शेगावच्या महाराजांच्या हातातल्या चिलमीचा दाखला देतात. मी त्या श्रद्धेशी कधीही वाद घालत नाही आणि तुम्हीही घालू नका, कारण आपल्याला जी माहिती हवी आहे ती बाबांच्या फुप्फुसांची आणि रक्तदाबाची आहे, त्यांच्या भक्तीची नाही.

शासकीय यंत्रणेतही हीच पोकळी आहे. तिशीवरील प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात तंबाखूविषयी आणि दारूविषयी प्रश्न आहेत. गांजा-भांगेचा प्रश्न नाही. वास्तविक केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के भारतीयांनी, म्हणजे ३ कोटींहून अधिक लोकांनी, वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही ना काही घेतले होते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांत मागील महिन्याभरात गांजा घेतल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०२१ मध्ये ४.८ टक्के होते, ते २०२३ मध्ये ७ टक्क्यांवर गेले. कॅलिफोर्निया राज्यात याच वयोगटातील तातडीच्या विभागातील दर एक लाख भेटींमागे गांजाशी संबंधित भेटी २००५ मध्ये सुमारे २१ होत्या. २०१९ मध्ये त्या ३९५ झाल्या. तिकडे कायदे सैल झाल्यामुळे नव्याने सुरुवात करणारे वृद्ध पुष्कळ आहेत, आपल्याकडे जुनी सवय अंगात घेऊन वृद्ध झालेले अधिक आहेत. परंतु दवाखान्याच्या दारात दोघांची लक्षणे सारखीच दिसतात.

न विचारल्याने काय होते हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात महाशिवरात्रीनंतरच्या एका संध्याकाळी ६८ वर्षांच्या एका आजींना बैलगाडीतून आणले. सालबर्डीच्या यात्रेहून त्या दुपारी परतल्या होत्या. जीभ जड झालेली, नजर भिरभिरती, पाय जमिनीवर ठरत नव्हते आणि नाडी १३० च्या घरात होती. मला पक्षाघाताची शंका आली आणि मी त्यांना तातडीने मोठ्या शहरात पाठवले. मुलाने रात्री उसनवारी करून गाडी केली, सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी उठून बसल्या आणि त्यांनी चहा मागितला. मग नातवाने सांगितले की यात्रेत प्रसाद म्हणून मिळालेल्या भांगेच्या दोन गोळ्या आजीने खाल्ल्या होत्या. पहिलीने काही झाले नाही, म्हणून तासाभराने दुसरी. पक्षाघाताची शंका असेल तर आजही मी रुग्णाला तसाच पुढे पाठवीन, त्यात वेळ घालवणार नाही. पण ‘यात्रेत काय खाल्ले?’ हा तीन शब्दांचा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नव्हता, आणि त्या मुलाने नंतर सावकाराकडे फेडलेले पैसे मला अजून आठवतात.

आजींच्या बाबतीत जे घडले ते भांग पोटात गेल्यावर नेहमीच घडते. चिलमीचा धूर काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो, त्यामुळे ओढणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळते. पोटातून घेतलेल्या भांगेचा परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, तो आणखी काही तास चढत जातो आणि वृद्धांमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळू शकतो. यातील नशेचा मुख्य घटक, टीएचसी, चरबीत विरघळणारा आहे. वयानुसार अंगातील पाणी आणि स्नायू कमी होऊन चरबीचे प्रमाण वाढते, यकृताचे काम मंदावते, आणि तिशीत जी मात्रा सहज पचत होती तीच सत्तरीत अंगावर येते. ‘चाळीस वर्षांत काही झाले नाही’ असे बाबा म्हणत असतील तर ते खरेच आहे. फक्त चाळीस वर्षांपूर्वीचे शरीर आता त्यांच्याजवळ नाही. जाता जाता एक सूचना: यात्रेतल्या भांगेत कधी कधी धोतऱ्याचे बी मिसळलेले असते. बुबुळे मोठी झाली, अंग तापून कोरडे पडले, माणूस हवेत काहीतरी वेचू लागला आणि लघवी तुंबली, तर ते एकट्या भांगेचे काम नव्हे. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाला त्यात विशेष धोका असतो, आणि फाल्गुन-चैत्राच्या आपल्या उन्हात घाम न येणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी घरी ताक-लिंबू देत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आता बाबांच्या पडण्याकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट मला तीच वाटली, हर्निया नव्हे. गांजाने ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. झोपलेला माणूस उठून उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. लघवी मोकळी होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिन किंवा प्रॅझोसिनसारख्या गोळ्याही रक्तवाहिन्या सैल करतात. त्यात रक्तदाबाची गोळी आणि रात्रीचा अंधार. तीन सैल गाठी एकाच दोरीत आल्यासारखे होते. माझ्याकडे अशाच तक्रारीने आलेल्या एका ७५ वर्षांच्या शेतकऱ्याचा रक्तदाब दिवसा खुर्चीत बसवून प्रत्येक वेळी चांगलाच भरत असे, म्हणून ‘का पडतात’ याचा उलगडा होत नव्हता. शेवटी त्यांच्या पत्नीने पदराआडून एक चंची काढून टेबलावर ठेवली: काळी पडलेली मातीची चिलीम, तिच्या नळीतला खडा, ओलसर साफी आणि कागदाची पुडी. ‘हे त्याईले विचारा,’ एवढेच त्या म्हणाल्या. मी परिचारिकेला सांगून त्याच संध्याकाळी, चिलमीच्या वेळेनंतर, त्यांच्या घरी रक्तदाब मोजून घेतला. आडवे असताना १४६ वर ८४, उभे राहून दोन मिनिटांनी १०८ वर ६६. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर आम्ही तो दोष मानतो. इथे तो वरच्या आकड्यात जवळपास दुप्पट होता. त्यांच्या गोळ्यांची वेळ बदलली, एक गोळी कमी केली, खाटेजवळ मूत्रपात्र ठेवले, आणि चिलीम आठवड्यातून दोन दिवसांवर आली. त्यानंतर ते पडल्याचे माझ्या कानावर आलेले नाही. खुब्याचे हाड मोडल्यावर या वयात माणूस पुन्हा शेतापर्यंत चालत जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून हा रक्तदाब आडवे आणि उभे असा दोन्ही वेळा मोजून घ्या, शस्त्रक्रियेची वाट न पाहता याच आठवड्यात घ्या.

दम्याच्या गोळीविषयीही सांगायला हवे, कारण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आपल्याकडे धाप लागणाऱ्या वृद्धांना थिओफिलिनच्या गोळ्या अजून सर्रास दिल्या जातात. तंबाखूचा आणि गांजाचा, दोन्हींचा धूर यकृताला हे औषध लवकर फोडून टाकायला लावतो, त्यामुळे चिलीम ओढणाऱ्याला ते कमी पुरते आणि डॉक्टर मात्रा वाढवतात. मग हा माणूस एखाद्या कारणाने रुग्णालयात भरती होतो, आठ दिवस चिलीम मिळत नाही, यकृताचा वेग पूर्ववत होतो आणि वाढवलेली तीच मात्रा आता जास्त होते: मळमळ, हात थरथरणे, ठोके अनियमित होणे, क्वचित झटके. भरती असताना असे झाले की नातेवाइकांना वाटते, शस्त्रक्रियेनेच बिघडले. बाबांची गोळी हीच असेल, तर चिलीम बंद होणार आहे हे ती लिहून देणाऱ्याला आधी कळायलाच हवे. इतर औषधांपैकी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम गांजामुळे आणि विशेषतः सीबीडीच्या (गांजातील नशा न आणणाऱ्या घटकाच्या) तेलामुळे वाढून रक्तस्राव होऊ शकतो. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल गांजाबरोबर घेतल्यास गुंगी वाढते. हातापायांच्या जळजळीवर दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनने ठोके आणि तोंडाची कोरड आणखी वाढते. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे त्यांनी चिलीम पूर्ण टाळावी असे मी आग्रहाने सांगतो. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका सुमारे पाचपट होतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले होते.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत भूलतज्ज्ञांना ही माहिती हवी असते याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. रोज गांजा घेणाऱ्याला पूर्ण भूल देताना औषध नेहमीपेक्षा जास्त लागू शकते. धुराने चिडलेली श्वासनलिका नळी घालताना आवळू शकते. कमरेत सुई देऊन भूल दिली तर आधीच उतरणारा रक्तदाब आणखी उतरतो. आणि नंतरच्या दुखण्यावर नेहमीची मात्रा पुरत नाही, म्हणून म्हातारा ‘उगीच कण्हतो’ असे समजले जाते. हर्नियाच्या टाक्यांना खोकल्याचा प्रत्येक हिसका बसतो ही बाब वेगळीच. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णाला गांजाविषयी विचारावे, आणि ओढल्यापासून किमान दोन तास तरी ऐच्छिक शस्त्रक्रिया सुरू करू नये. तो किमान नियम आहे. माझे सांगणे असे की, आदल्या संध्याकाळपासून चिलीम हातात घेऊ नये. आणि भीती घालवण्यासाठी कोणी सकाळी ‘एकच दम मार’ म्हणून दिली, असे होत असते, तर ते लपवू नये. शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली तर काही बिघडत नाही.

तिसरा प्रश्न एकदम बंद करण्याचा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास झटके येऊन जीव जाऊ शकतो, तसे गांजाचे सहसा होत नाही, आणि बाबा दारू पीत नाहीत हे तुम्ही स्पष्ट लिहिले ते बरे केले. तरीही त्रास होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत चिडचिड, झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, घाम, विचित्र स्वप्ने सुरू होतात, पहिल्या आठवड्यात ती तीव्र असतात आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. हे सारे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वॉर्डात सुरू झाले की म्हातारा सलाइन उपटतो आणि सगळे म्हणतात, म्हातारचळ लागला. तुमच्या हातात महिनाभर आहे, त्याचा उपयोग करा. आजपासून तंबाखू चिलमीतून आणि खर्ऱ्यातून पूर्ण काढण्याचा प्रयत्न करा, कारण चार आठवडे तंबाखू सुटला तरी जखम भरणे आणि छाती दोन्ही सुधारतात. गांजाचे दम दर आठवड्याला निम्म्यावर आणा. झोपेसाठी कोणाच्या सांगण्यावरून गोळी सुरू करू नका. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात दाखवता येते, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ किंवा मानसिक आधारासाठी टेलि-मानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकांवर मोफत बोलता येते.

पण बाबांना ‘चिलीम सोडा’ म्हणताना तुम्ही त्यांच्याकडून आणखी काय मागत आहात, याचा विचार करा. ज्याची मुले शहरात आहेत, जो दिवसभर वावरात एकटा असतो, त्याच्यासाठी रात्रीचे मंडळ म्हणजे चार माणसांत बसण्याची एकमेव जागा असते आणि चिलीम हातोहात फिरते तेव्हा ती नाकारणे म्हणजे पंगतीतून उठण्यासारखे वाटते. मंडळ सोडवू नका. टाळ किंवा खंजिरी त्यांच्या हाती द्या, म्हणजे हात रिकामा राहत नाही. मंडळाच्या बुवांना विश्वासात घेऊन ‘यांचे ऑपरेशन आहे, यांना देऊ नका’ एवढे त्यांच्याकडून सर्वांसमोर म्हणवून घ्या. हा उपाय मी अनेकदा सुचवला आहे आणि घरच्यांच्या रागापेक्षा तो कितीतरी वेळा अधिक लागू पडला आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आणि गाडगेबाबांची कीर्तने याच मातीत घुमली आणि दोघांनीही व्यसनांवर सडकून टीका केली, त्यामुळे मंडळातल्या जाणत्या माणसाला हे म्हणणे परके वाटत नाही. एकच चिलीम दहा जणांच्या तोंडी जाते, त्यात एखाद्याला उपचार न झालेला क्षयरोग असू शकतो, हेही बुवांच्या कानावर घाला. बाबांना दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर शस्त्रक्रियेआधी बेडका तपासून घ्या; प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते.

पोलिसांविषयीची भीती मला समजते, त्यावर फार लांबण लावत नाही. १९८५ च्या कायद्यानुसार गांजा बाळगणे आणि सेवन करणे दोन्ही गुन्हे आहेत, आणि महाराष्ट्रात भांगही परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परंतु रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली सवय ही वैद्यकीय गोपनीय माहिती असते. ती केसपेपरवर लिहिणे म्हणजे पोलिसांत तक्रार करणे नव्हे. विषबाधा किंवा अपघाताचा संशय असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवते, ती बाब निराळी. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी सवय सांगणाऱ्याला तसे काही होत नाही. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही त्याच कायद्यात आहे. पुडी मात्र दवाखान्यात दाखवायला आणू नका. किती वेळा आणि किती दम, हे तोंडी सांगितले की पुरते.

आईच्या तेलाबाबत मी तुम्हाला थांबायला सांगतो. आयुर्वेदात विजया आहे, तिला व्यवायी द्रव्य म्हटले आहे, म्हणजे पचण्यापूर्वीच अंगभर पसरणारे, आणि तिची शुद्धी करून मोजक्या मात्रेत वापरण्याची शिस्तही त्याच शास्त्रात आहे. औषध नियमांच्या ई(१) या अनुसूचीत भांगेचा समावेश आहे, त्यामुळे ती असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो. घरी आधीपासून एखादे चूर्ण चालू असेल तर तेही पाहा. पोट बिघडल्यावर दिल्या जाणाऱ्या जातीफलादि चूर्णात भांग असते हे घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. तुमच्या तेलात सीबीडी किती, टीएचसी किती, हे बाटलीवर लिहिले असले तरी त्यावर विसंबू नका: अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासली गेली तेव्हा लेबलवरचे प्रमाण जेमतेम ३१ टक्के उत्पादनांत बरोबर निघाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. दीर्घ दुखण्यात अशा औषधांचा थोडाफार उपयोग काही अभ्यासांत दिसतो, पण झिजलेल्या गुडघ्यासाठी त्यावर भरवसा ठेवावा इतका भक्कम पुरावा नाही. वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये दुखण्यासाठी त्यांच्या सर्वसाधारण वापराला पाठिंबा दिला नाही. केमोथेरपीतील उलट्या आणि लहान मुलांतील काही दुर्मीळ अपस्मार यांत त्यांचे स्थान मान्य आहे, पण ती तयार औषधे वेगळी आणि रुग्णही वेगळे. आईला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन पाहणे, खाली बसून करायची कामे ओट्यावर आणणे आणि गरजेपुरते पॅरासिटामॉल यांनी आधी किती फरक पडतो ते पाहा. मूत्रपिंड आणि यकृताची तपासणी झाल्याशिवाय मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणू नका. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाची गोष्ट मी यात धरत नाही. खर्ऱ्याने जबडा खाल्लेल्या माणसाला रात्रभर कण्हताना पाहून घरचे गांजा आणतात, तेव्हा त्यांना दोष देण्यापेक्षा मॉर्फीन मिळेल अशा वेदनाशामक केंद्राचा पत्ता देणे हे आमचे काम आहे. मॉर्फीन मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्तीही झालेली आहे.

डॉक्टरांना सांगितल्यावर एक नवी अडचण येऊ शकते. एकदा ‘गांजा’ शब्द कागदावर आला की पुढची प्रत्येक तक्रार त्याच्या खात्यावर टाकण्याचा मोह आमच्यापैकी काहींना होतो. शस्त्रक्रियेनंतर बाबा अचानक असंबद्ध बोलू लागले, माणसे ओळखेनासे झाले, तर साखर, सोडियम, प्राणवायूचे प्रमाण, लघवी तुंबणे, जंतुसंसर्ग आणि पक्षाघात यांची तपासणी व्हायलाच हवी. अचानक झालेला गोंधळ ही तातडीची बाब आहे, मग माणूस चिलीम ओढणारा असो वा नसो. तुम्ही तेथे उभे असाल तेव्हा नम्रपणे पण स्पष्टपणे म्हणा की बाबा कालपर्यंत हिशेब तोंडी करत होते. ‘हा बदल एका रात्रीतला आहे’ हे वाक्य कोणत्याही चांगल्या डॉक्टरला जागे करते.

तपासणीला जाताना घरातील सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णाचे डबे आणि ते तेल एका पिशवीत घालून न्या. बाबांना सुनेसमोर किंवा नातवंडांसमोर हा विषय काढायला लावू नका. डॉक्टरांना आधी चिठ्ठी देऊन, पाच मिनिटे त्यांच्याशी एकांतात बोलण्याची विनंती करा. विचारायचे ते असे: आठवड्यातून किती रात्री, एका बैठकीत किती दम, तंबाखू मिसळता का, शेवटची कधी ओढली, भांग कधी खाता, आणि त्यानंतर चक्कर किंवा छातीत धडधड होते का. उत्तरे केसपेपरवर औषधांच्या यादीतच लिहून घ्या आणि परत निघण्याआधी बाबांना पाच मिनिटे आडवे करून, मग उभे करून, रक्तदाबाचे दोन्ही आकडे लिहून मागा.